काकूंची मेक्सिकोची उधारी

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये कमरेइतक्या उंचीची एक भिंत आहे. त्यांच्या बाजूनं तिच्यावर कढीपत्ता झुकतो, आमच्या बाजूनं केळ. ही भिंत हद्द दाखवायला कमी आणि कोपरं टेकायला जास्त कामी येते. काकू ऑक्टोबरात लेकीकडे मेक्सिको सिटीला गेल्या आणि तीन महिने ती भिंत ओकीबोकी पडली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्ध्याला परतल्या. पुढचे आठ दिवस त्यांना रात्री जाग आणि दिवसा जांभया. नवव्या दिवशी सकाळी मात्र टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन त्या भिंतीशी स्टूल टाकून बसल्या, तेव्हा मी ओळखलं, आज नुसते सोले निघणार नाहीत.

"ये वो. हात रिकामे कशाला ठेवतेस, घे मूठभर शेंगा."

मी घेतल्या. "काय मग काकू, पिरॅमिड पाहिले?"

"पाहिले. उंच आहेत." एक शेंग सोलून झाली आणि पिरॅमिड संपले. "अगं, ते तर मी पस्तीस वर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवले. फळ्यावर कधी आलं नाही ते विचार."

तेवढ्यात गल्लीत आमचा भंगारवाला शिरला. "भंगाऽर! लोखंड-पत्रा, रद्दी पेपऽर!" काकूंनी वर्ग गप्प करायला करायच्या तसा हात वर केला.

"ऐक. हा बिचारा घसा फोडतो आहे. तिथं टेम्पोवर भोंगा असतो आणि भोंग्यातून एका लहान पोरीचा आवाज येतो. गाद्या घेतो, फ्रिज घेतो, शेगडी घेतो, कपडे धुवायचं मशीन घेतो, जुनं लोखंड घेतो, अशी मारुतीच्या शेपटीएवढी यादी आणि सूर असा रडवेला की पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणाचं तरी पोर हरवलं. मी गॅलरीत धावले आणि लेक हसत सुटली."

"मग होतं काय ते?"

"रेकॉर्ड! वीसेक वर्षांपूर्वी एक भंगारवाला ओरडून ओरडून कंटाळला आणि त्यानं आपल्या नऊ-दहा वर्षांच्या लेकीकडून ते बोलून घेतलं. त्याचं पाहून दुसऱ्यानं वाजवलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं. आता अख्ख्या शहरात तोच आवाज. ती पोरगी तिशीला आली असेल, पण गल्लीत अजून दहाचीच आहे."

काकूंचं म्हणणं असं की तिथं चौथ्या दिवसानंतर त्यांनी घड्याळ पाहणंच सोडलं. धार लावणारा सायकल घेऊन येतो तो पाव्यासारखं काहीतरी वाजवत येतो. गॅसवाला लांब हेल काढून ओरडतो. अंधार पडला की रताळ्यांची हातगाडी येते. गाडीवरच भट्टी, आणि भट्टीच्या वाफेची शिट्टी. "दहा घरांचे कुकर एकदम वाजले असं समज. भाजलेलं रताळं किंवा केळं देतो आणि वर आटवलेल्या गोड दुधाची धार सोडतो. मी एकादशीला तेच खाल्लं."

"आणि सकाळी?"

"सकाळी घंटा. दोन कोटींहून जास्त वस्तीचा तो सगळा पसारा, आणि कचरा गोळा करायची रीत काय, तर एक माणूस हातात घंटा घेऊन पुढे चालतो आणि मागून गाडी येते. घंटा ऐकली की साऱ्या इमारतीतल्या बाया गाऊनवर शाल टाकून पिशव्या घेऊन खाली. आमची सगळी ओळख त्या घंटेवर झाली बघ, आपल्या वेळी सार्वजनिक नळावर व्हायची तशी. कोणाच्या पिशवीत किती बाटल्या निघाल्या हे भाषा न येताही कळतं."

तिथंच त्यांना खालच्या मजल्यावरची बाई भेटली. काकूंच्याच वयाची, नवरा वारलेला, पोरं लांब. काकू तिला 'वहिनी' म्हणायला लागल्या, ती काकूंना 'सेन्योरा'. लेक घरी असली की लेक दुभाषी, नसली की फोनमधली बाई. ओळख होऊन चार दिवस झाले नाहीत तोच गोंधळ.

"ती म्हणाली, रविवारी तुमच्या घरी जेवण आहे, दोन वाजता. माझ्या घरी जेवण आणि मलाच पत्ता नाही! मी म्हटलं, बाई स्वतःहून यायचं म्हणते आहे तर नाही कसं म्हणायचं. सकाळपासून मसालेभात केला, भजी तळली, जावयांना दही आणायला पिटाळलं. दोन वाजले, अडीच वाजले. तीनला ती वर आली, म्हणाली, सगळे ताटावर खोळंबले आहेत, तुम्ही कुठं अडकलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं आपल्या घराला 'तुमचं घर' म्हणायची रीत आहे. 'तुमच्या घरी या' म्हणजे माझ्या घरी या! मग काय, मसालेभाताचं पातेलं उचललं आणि गेले खाली. पार फडशा पाडला त्यांनी. आणि जेवण झाल्यावर कोणी उठायचं नाव घेईना. ताटं तशीच, गप्पा तशाच, साडेपाच वाजले. जेवल्यावर बसून राहण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा. आपण नुसतंच हात वाळवत बसतो, नाव ठेवायचं सुचलं नाही."

बाजाराच्या गोष्टीला मात्र काकूंनी टोपलं खाली ठेवलं. त्यांच्या गल्लीत आठवड्यातून एक दिवस रस्ता बंद करून बाजार भरायचा. गुलाबी ताडपत्र्या ताणलेल्या, खाली भाजीचे ढीग. नाव तियांगिस. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द, आणि बाजारही तितकाच जुना.

"पहिल्यांदा भाव वाचला आणि पाय लटपटले. एका पाटीवर 20 डॉलर! एवढ्याशा ढिगाला! मी लेकीला म्हटलं, चल घरी, आपण वरणभात खाऊ. मग कळलं की पेसोचं चिन्हसुद्धा तेच, एस अक्षरावर उभी रेघ. वीस पेसो म्हणजे आपले शंभरेक रुपये. पण खरी मजा पुढं. भाजीवाला मला काय म्हणाला असेल?"

"काय?"

"ग्वेरिता! म्हणजे गोरे!" काकूंनी आपला हात उन्हात धरून मला दाखवला. त्या हाताला गोरं म्हणायला धाडस लागतं. "माझ्या सासूबाई गेल्या तोवर मला 'सावळी आहे पण कामाची आहे' म्हणत होत्या. आणि हा परका माणूस म्हणतो, काय देऊ गं गोरे? मी दोन किलो टमाटे जास्तीचे घेतले. घरी आल्यावर लेक म्हणाली, आई, ते सगळ्यांनाच गोरी म्हणतात. म्हणू देत. माझे टमाटे काही परत जाणार नव्हते."

तिथं गिऱ्हाईक दुकानदाराला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला एकाच नावानं हाक मारतात, मार्चान्ता नाहीतर मार्चान्ते. नेहमीचं नातं असलं की मापावर मूठभर जास्त पडतं. त्याला म्हणतात पिलोन. सांबाराची जुडी तर काकूंना बहुतेक वेळा पिलोनातच मिळाली. मी पुण्याकडची. लग्न होऊन वर्ध्याला आले तेव्हा सासूबाईंनी 'सांबार आण' म्हटलं आणि मी इडलीच्या सांबारासाठी डबा घेऊन हॉटेल शोधत फिरले होते. आता कोथिंबीर म्हणायची मलाच चोरी.

"आणि निवडुंग गं! आपला फड्या निवडुंग. बायका बसून सुरीनं सपासप काटे काढतात आणि पानं किलोवर विकतात. भाजी भेंडीसारखी बुळबुळीत. बरी लागते. पण एका टोपलीत मक्याची कणसं पाहिली, दाणे काळे, फुगलेले, भुकटी सुटलेली. मी भाजीवाल्याला सांगायला गेले, बाबा, तुझ्या मक्याला काणी लागली आहे."

"मग?"

"मग काय, तो म्हणाला, हो, म्हणूनच महाग आहे. उइतलाकोचे म्हणतात. आपला शेतकरी काणी दिसली की कणीस उपटून जाळतो, तिथं हौसेनं खातात. मीही खाल्ली. अळिंबीसारखी लागते. टोळ मात्र नाही खाल्ले. ओआहाकाकडचे लोक तिखटमीठ लावून, लिंबू पिळून दाण्यांसारखे तोंडात टाकत होते. मी लिंबू चाखलं."

शाकाहारी माणसाचं तिथं कसं भागतं, हे मला कधीचं विचारायचं होतं. काकू म्हणाल्या, मांस नको सांगितलं की कोंबडी आणतात, कोंबडी नको म्हटलं की मासा. सगळं नको म्हटलं की घेवड्याची घोटलेली उसळ येते आणि तिला डुकराच्या चरबीची फोडणी असते. मग त्यांनी आपला मुक्काम तोर्तियावर ठेवला.

तोर्तियाचं दुकान म्हणजे आपल्या पिठाच्या गिरणीसारखं गल्लीतलं ठाणं. दुपारी जेवणाआधी रांग लागते. प्रत्येकीच्या हातात घरचं फडकं. किलोवर तोर्तिया घ्यायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि निवायच्या आत घर गाठायचं. बरोबर लहान पोर असलं तर दुकानदार एक गरम तोर्तिया मीठ भुरभुरवून, गुंडाळून त्याच्या हातात देतो.

"आपल्या लहानपणी आई भाकरीचा पापुद्रा काढून मीठ लावून द्यायची तसं," मी म्हटलं.

"तसंच. पण मी नुसती खाऊन गप्प बसते होय? वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून सालं धुऊन काढतात आणि मग ओलाच दळतात. त्याला म्हणतात निश्तमाल. पूर्वी पाट्यावर वाटायचे, तीन पायांचा पाटा, मेताते त्याचं नाव. आणि तव्याला कोमाल."

"चुना? पानाला लावतो तो?"

"तोच. त्या चुन्यात सगळी अक्कल आहे. युरोपातल्यांनी मका उचलून नेला, चुना मेक्सिकोतच राहिला. मग इटलीत, स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, कातडी सोलून निघायला लागली. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन माणसाच्या अंगी लागत नाही. कोणा आजीबाईनं हजारो वर्षांपूर्वी हे कसं ओळखलं, काही कळत नाही."

काकूंनी मग पदराआडून एक पुडी काढली आणि भिंतीवरून माझ्या हातात ठेवली. "संक्रांतीचं वाण. राहिलं होतं तुझं."

उघडून पाहते तर राजगिऱ्याची वडी, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. मी म्हटलं, "काकू, एवढ्या लांबून राजगिऱ्याची चिक्की आणलीत? ही तर आपल्या नाक्यावर मिळते."

"नाक्यावर कुठून आली?" काकूंचा आवाज लगेच शाळेतला झाला. "ही त्यांची आलेग्रीया. आलेग्रीया म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा तिथला. त्यांचे जुने लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे आणि मग प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना ते खपलं नाही. राजगिरा त्यांचा, भोपळा त्यांचा, चिकू तर नावासकट त्यांचा. रताळं त्याच खंडातलं, शेंगदाणा आणि बटाटा जरा खालचे, दक्षिण अमेरिकेतले. आता मला सांग, विठोबाच्या एकादशीला तुझ्या ताटात आपलं काय उरलं?"

"मिरची," मी म्हटलं. उपासाला हिरवी मिरची आमच्याकडे चालते.

"मिरची! भिवापूरची का? भिवापूरला ती पोर्तुगिजांच्या जहाजातून गोव्याला उतरल्यावर आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, म्हणून तर तिला मिरची म्हणायचं. आपल्या ओळखीची एक अंबाडी निघाली तिथं, तेवढ्यानं माझी मान वर झाली. आपण वऱ्हाडात बोंडांचं सरबत करतो ना, तेच लाल सरबत तिथं जेवणाबरोबर तांब्या भरून. आणि चिंचेचं पाणी. आंबा मात्र आपल्याकडचा. 1565 पासून अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजं जा-ये करत होती. आंबा तर तिथं अजून 'मनिला' म्हणूनच विकतात, वर तिखट भुरभुरवून."

कुकर झाला म्हणून मी आत जाऊन गॅस बंद करून आले. परत आले तर काकूंचा सूर खाली आला होता.

"नोव्हेंबरच्या पहिल्या दोन तारखांना त्यांच्याकडे पितर येतात. आपल्या सर्वपित्रीसारखं, पण कावळ्याची वाट पाहत बसायचं नाही. घरातच पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात, ओफ्रेंदा म्हणतात. त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, हाडांसारख्या नक्षीचा गोड पाव, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. रंगानं, वासानं पितराला घर सापडतं म्हणतात. झेंडूही मूळचा त्यांचाच हं. आपण दसऱ्याला दाराला बांधतो, ते जमिनीवर वाट काढतात."

"बघितलंत?"

"वहिनीनं मला खाली बोलावलं. म्हणाली, तुमच्या मालकांचा फोटो आणा. माझ्या पर्समध्ये ह्यांचा पासपोर्टाचा फोटो असतो, तो दिला. तिनं आपल्या नवऱ्याच्या शेजारी ठेवला. विचारलं, त्यांना काय आवडायचं? म्हटलं, चहा. तिनं चहा ठेवला. आणखी? मला हसू आलं. म्हटलं, पान. चुना लावलेलं, तंबाखूचं. फोनमधल्या बाईनं त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण वहिनी आत गेली आणि बशीत चिमूटभर चुना घेऊन आली. पान नव्हतं, सुपारी नव्हती. चुना तिच्या घरात कायमचा." काकूंनी एक शेंग दोनदा सोलली. "चार वर्षांत त्यांच्या श्राद्धाला मी खीर केली, वडे केले. चुना ठेवायचं कधी सुचलं नाही."

आम्ही थोडा वेळ गप्प सोलत राहिलो. मग काकूंनीच विषय फिरवला.

"त्या दिवसांत शहरात मोठी मिरवणूक निघते, सांगाडे रंगवून. वाटतं, केवढी जुनी परंपरा असेल. कसली जुनी! 2015 सालच्या जेम्स बाँडच्या सिनेमात तशी मिरवणूक दाखवली, खोटीच. मग लोक ती बघायला येतील म्हणून 2016 पासून खरी सुरू केली. घरातली मांडणी जुनी, रस्त्यावरची नवी."

"आपल्याकडे डीजे आला तसं."

"तसंच. आणि भिशीही आहे बरं का! तांदा म्हणतात. दर पंधरा दिवसांनी पैसे काढायचे, पाळीपाळीनं एकीला सगळे. वहिनीच्या तांद्यात एक बाई पहिलाच नंबर घेऊन मग फोन उचलेनाशी झाली."

"आपल्या कोपऱ्यावरच्यांसारखी!"

"मी नाव घेतलं नाही. तू घेतलंस." नाव मीही घेतलं नव्हतं. "विचारलं की म्हणते, आओरीता. म्हणजे आत्ता. तिथलं आओरीता म्हणजे आपलं 'हा काय, निघालोच'. माणूस अजून आंघोळीला गेलेला नसतो."

बारा डिसेंबरच्या ग्वादालुपे मातेच्या यात्रेचं काकूंनी दोन वाक्यांत उरकलं. लाखो लोक पायी येतात, काही तर गुडघ्यांवर. पण मातेच्या पूज्य चित्राखालून सरकता पट्टा बसवला आहे, त्यावर उभं राहायचं, दर्शन घेत पुढं सरकायचं. "पुढे चला, पुढे चला म्हणून कोणी ढकलत नाही. पंढरपूरला सांगायला हवं कोणीतरी."

मेट्रो मात्र त्यांच्या पोटातला विषय. 1969 साली सुरू झाली तेव्हा पुष्कळांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक स्टेशनाला चित्र दिलं. स्पॅनिश न येणाऱ्या काकूंची सोय झाली. कोयोआकानला कोल्ह्याच्या चित्राशी चढायचं. तिकीट पाच पेसो. पुढचे डबे बायकांचे. डब्यात मुंबईच्या लोकलसारखेच फेरीवाले, कंगवे, च्युइंगम, हेडफोन, सगळं दहा पेसोला. पिनो सुआरेझ स्टेशनात गाडी बदलायला चालत जावं तर वाटेत चक्क वाऱ्याच्या देवाचं गोल देऊळ, एहेकात्लचं. 1967 साली मेट्रोसाठी खोदताना सापडलं, तिथंच ठेवलं. लोक त्याला वळसा घालून कामावर जातात.

"तिथून एक स्टेशन पुढं गेलं की मोठा चौक. जवळच शिक्षण खात्याची जुनी इमारत. तिथल्या भिंती दिएगो रिव्हेरानं 1923 ते 1928 मध्ये रंगवल्या. जावयांनी एका चित्रापुढं उभं केलं. मोठं टेबल, भोवती लोक, मधोमध एक जण पाव मोडतो आहे. चित्राचं नाव 'आमची भाकर' अशा अर्थाचं. जावई म्हणाले, आई, हे तुमच्या गावचे."

"वर्ध्याचे?"

"पांडुरंग सदाशिव खानखोजे! जन्म वर्ध्याचा. गदर पार्टीतले क्रांतिकारक. इंग्रज मागे लागले म्हणून देशोदेशी भटकत मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. पाव मोडणाऱ्या माणसाला चेहरा त्यांचा दिला असं सांगतात. 1967 साली नागपुरात गेले." काकूंनी सोल्यांची वाटी ठक्कन भिंतीवर ठेवली. "पस्तीस वर्षं मी ह्याच वर्ध्यात शिकवलं. मेक्सिकोचं क्षेत्रफळ पाठ करून घेतलं. हे नाव एकाही पोराला सांगितलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं."

मी विचारलं, "मग आता त्याबद्दल काय करायचं?"

"त्याचं नंतर. आधी माझ्या डोक्यावर दुसरंच कर्ज आहे."

कर्ज असं. सहा जानेवारीला तिथं तीन राजांचा सण. एक मोठा कड्यासारखा गोड पाव आणतात, रोस्का. आत बाळ येशूची इवलीशी बाहुली लपवलेली. प्रत्येकानं आपल्या हातानं तुकडा कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाहुली, त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खाऊ घालायचे. खर्च टाळायला बाहुली गपकन गिळून टाकणाऱ्यांचे विनोद तिथं घरोघरी चालतात.

"माझी सुरी कशाला तरी अडली. बघते तर बाहुली. सगळे टाळ्या पिटायला लागले आणि माझं तर आठवड्यानं विमान! वहिनीला म्हटलं, पैसे देऊन जाते, लेक करील. ती म्हणाली, असं नाही चालत, ज्याची बाहुली त्याच्या हातचे तमाल. तुमच्या गावी करा. खाणारी तोंडं कुठलीही चालतील."

"म्हणजे वर्ध्यात?"

"आज चोवीस. नऊ दिवस आहेत. मका शिजवायला चुना ह्यांच्या पानाच्या डब्यात पडून आहे, पण खाण्याचा चुना बाजारातून ताजाच आणते, डबा तेवढा ह्यांचा घेते. चरबीच्या जागी तूप. आत मिरचीच्या फोडी आणि पनीर. तिथं कणसाच्या सालात बांधतात, ती आता कुठं मिळायची? पण ओआहाकाकडे केळीच्या पानात करतात." काकूंची नजर माझ्या डोक्यावरून मागं गेली. मी वळून पाहिलं. आमची केळ वाऱ्यावर डुलत होती. "दहा पानं लागतील. कोवळी नकोत, फाटलेली नकोत. विस्तवावर जरा फिरवली की मऊ होतात."

"भिशी त्याच दिवशी ठेवू का?"

"ठेव. तेवढीच खानखोज्यांची गोष्टही सांगून होईल."

तर दोन फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता काकूंकडे तमाल आहेत. मी दहा पानं हेरून ठेवली आहेत. गल्लीतल्या सगळ्यांनी यावं. कोपऱ्यावरच्या बाईंनी आधी भिशी भरावी.